बाणकोट खाडीच्या दोन काठांना दोन वेगळे इशारे का?

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, मुंबई.

महोदय,

फयान, क्यार, निसर्ग, तौक्ते ही चक्रीवादळांची नावे आपल्या फायलींत आहेत. त्यामुळे पाल्हाळ लावत नाही. मी मंडणगड तालुक्यात, बाणकोट खाडीच्या दक्षिण काठावर राहते. समोरच्या काठावर हरिहरेश्वर दिसते. तो श्रीवर्धन तालुका, रायगड जिल्हा, आमचा रत्नागिरी. मधे सावित्री नदीचे पाणी तेवढे.

जून 2020 मध्ये निसर्ग येत असताना हवामान खात्याच्या पत्रकात समुद्राच्या पाण्याचा अंदाज जिल्ह्यांच्या नावाने दिला होता. मुंबई, ठाणे आणि रायगडला नेहमीच्या भरतीच्या वर 1 ते 2 मीटर, रत्नागिरीला अर्धा ते 1 मीटर. समोरच्या काठाला जेवढे पाणी, त्याच्या निम्मे आम्हाला. एकाच खाडीच्या दोन काठांवर पाण्याची उंची अशी निम्म्याने बदलत नाही. समुद्राला जिल्ह्याची हद्द ठाऊक नाही, आणि हे आपल्या कार्यालयात कोणाला माहीत नसेल असे मी मानत नाही. तरीही तोच अंदाज जसाच्या तसा खाली आला, आणि त्यावरून ठरले की कोणाला हलवायचे, पथके कुठे ठेवायची आणि कोणते गाव दुसऱ्या क्रमांकाचे.

हवामान खात्याच्या शास्त्रज्ञांवर माझा राग नाही. 1 जूनला अरबी समुद्रात कमी दाबाचे तीव्र क्षेत्र झाले, 2 जूनला त्याचे चक्रीवादळ होऊन नाव मिळाले, आणि 3 जूनला दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी 100 किलोमीटरच्या वर. वादळ येणार, कधी येणार आणि किती जोराचे असणार, हे त्यांनी आधी सांगितले होते. उपग्रह, मुंबई आणि गोव्याची रडारे, रात्रभर जागलेली माणसे, सगळे आपापल्या जागी होते. माझी तक्रार त्यापुढची आहे. अंदाज हातात आल्यावर त्याचा धोक्यात हिशेब करायचा असतो. अमुक वारा अमुक दिशेने आला तर कोणत्या वाडीत काय होईल, हे कोणीतरी बसून काढायचे असते. ते काम आपले. आपत्ती व्यवस्थापन कायद्याला 2005 पासून इतकी वर्षे झाली, आणि ते आमच्या काठावर कोणी केलेले नाही.

नकाशावर वादळाचा मार्ग रेघेने दाखवतात आणि तिच्याभोवती पुढे रुंद होत जाणारा पट्टा असतो. तो पट्टा म्हणजे वादळाचा आकार नव्हे. त्याचे केंद्र कुठे कुठे असू शकते, याचा तो अंदाज आहे. 24 तास आधीच्या अंदाजात केंद्राची जागा सरासरी 80 किलोमीटरच्या आसपास चुकते. हिंद महासागरासाठी ही चांगली कामगिरी आहे, पूर्वी ती याच्या जवळपास दुप्पट होती. पण अलिबाग ते श्रीवर्धन हे सरळ अंतर 70 किलोमीटरच्या घरात आहे. अलिबागवर ओढलेली रेघ दक्षिणेकडे सरासरीइतकी चुकली तरी वादळ श्रीवर्धनच्या पुढे येते. म्हणजे अलिबागजवळ धडकेल हे ऐकले त्याच क्षणी बाणकोट, वेळास, केळशी, हर्णै ही गावे पहिल्या रांगेत धरायला हवी होती.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. आपल्या गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. ते पुढे सरकते त्या दिशेला तोंड करून उभे राहिले तर उजवी बाजू जास्त मारक, कारण तिकडे फिरण्याचा वेग आणि पुढे जाण्याचा वेग एकमेकांत मिळतात. निसर्ग ईशान्येकडे सरकत किनाऱ्यावर आले. त्याची उजवी बाजू म्हणजे दक्षिण, म्हणजे आम्ही. शिवाय केंद्राच्या दक्षिणेला वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो आणि पाणी आत लोटतो. उत्तरेला तो जमिनीकडून समुद्राकडे जातो, म्हणून मुंबई त्या दिवशी बचावली. वादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या पट्ट्यात जमिनीवर चढले. दिवेआगरपासून बाणकोट सरळ रेषेत वीस-बावीस किलोमीटर. केंद्राच्या इतक्या जवळ आणि नेमक्या उजव्या हाताला असलेल्या तालुक्याला कमी धोक्याच्या जिल्ह्यात टाकले गेले, कारण तो तालुका रत्नागिरीत मोडतो.

त्या दिवशी एनडीआरएफची पथके कुठे होती ते आठवा. मुंबईत 8, रायगडात 5, पालघर आणि ठाण्यात दोन-दोन, रत्नागिरीत 2, सिंधुदुर्गात 1. रायगडात तेरा हजारांवर लोक आधी हलवले गेले, ते योग्यच झाले. मुंबईत दीड-दोन कोटी माणसे आहेत, तिथे पथके लागतात हेही मान्य. पण दोन पथकांत आमचा मंडणगड, दापोली, गुहागर, रत्नागिरी, राजापूर असा सगळा किनारा आला. वाहिन्यांवर दिवसभर मुंबईचा समुद्र दिसत होता, आणि आमच्या गावातली मुंबईला असलेली मुले घाबरून इकडे फोन करत होती की आम्ही ठीक आहोत, काळजी करू नका. दुपारनंतर तेही फोन बंद झाले.

आमच्याकडे वारा सकाळी दक्षिणेकडून होता, दुपारी पश्चिमेवर आला. ज्यांची घरे कच्ची त्यांनी शाळेत जावे असे सांगण्यात आले होते. शाळेचे छप्पर पत्र्याचे. लोक आत बसलेले असताना पत्र्याचा एक कोपरा उचलला गेला, मग हुक सुटत गेले आणि पत्रे एकामागून एक निघाले. भिंतीच्या कडेला बाया पोरांना पोटाशी धरून बसल्या होत्या. शेवटी सगळे बाहेर पडून स्लॅबचे एक घर होते तिथे धावले, अंगावर कौले येत असताना. कोणी दगावले नाही. पण त्या इमारतीत माणसे पाठवण्याआधी तिचे छप्पर कसले आहे एवढे कोणी पाहिले नव्हते, आणि ते पाहायला ना उपग्रह लागतो ना निधी. राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश 2015 सालचा. पाच वर्षांनी निसर्ग आले तेव्हा आमचा निवारा म्हणजे ती पत्र्याची शाळा होती.

संध्याकाळी वाडीत गेले तर पोफळी एका बाजूला झोपलेल्या, सगळ्यांचे शेंडे जमिनीच्या दिशेने. काही कमरेएवढ्या उंचीवर पिळून तुटलेल्या. वारा कुठून आला हे झाडांनीच दाखवले होते. हवामान खात्याच्या अपेक्षित नुकसानीच्या यादीत गवताने शाकारलेली घरे, झोपड्या, सुटे पत्रे, विजेच्या आणि दूरध्वनीच्या तारा, केळी, पपई, मिठागरे हे सगळे येते. सुपारी येत नाही. मंगलोरी कौले येत नाहीत. श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंतचा किनारा ज्या पोफळी-माडांवर आणि ज्या कौलांखाली जगतो, ते धोक्याच्या हिशेबातच नाहीत. पोफळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. सरकारने बागायतीची मदत वाढवून हेक्टरी 50 हजार केली, म्हणजे गुंठ्याला 500 रुपये. आमच्याकडे वाड्या हेक्टरात नसतात, दहा-पंधरा गुंठ्यांच्या असतात. दहा गुंठ्यांच्या वाडीला 5 हजार, आणि वाट पाहायची सहा-सात वर्षे. या मदतीबद्दल पुष्कळ लिहिता येईल. आज विषय तो नाही.

वीज गेली ती काही वाड्यांत महिना उलटला तरी आली नाही. मोबाइलचे टॉवर पहिल्याच तासात बंद पडले. म्हणजे आपली सूचना देण्याची सगळी व्यवस्था ज्या फोनवर उभी आहे, तो फोन नेमक्या गरजेच्या वेळी मेला. मंडणगडला काय झाले हे जिल्ह्याला कळायला वेळ लागला, कारण मंडणगडकडून बोलायचे साधनच नव्हते. बंदरावर बावटा चढवण्याची पद्धत जुनी आहे, आणि अकरा नंबरचा बावटा संपर्क तुटला हे सांगण्यासाठीच आहे. संपर्क तुटणार हे ज्यांनी ती पद्धत आखली त्यांना कळत होते. आजच्या व्यवस्थेत त्याची तरतूद कुठे आहे?

त्यानंतर काय बदलले? मे 2021 मध्ये तौक्ते आमच्या समोरून उत्तरेला गेले. इशारा होता, तरी मुंबईच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रात पी-305 ही बार्ज 261 माणसांसह राहिली, बुडाली आणि सत्तरहून जास्त माणसे गेली. इशारा मिळणे आणि धोका ओळखणे यांत किती अंतर आहे, हे त्याहून स्पष्ट कसे व्हावे? आता फोनवर संदेश येतात, मराठीत येतात, ही सुधारणा आहे. पण संदेशात अजूनही जिल्हाच असतो. पावसाळ्यात दर दोन-चार दिवसांनी रत्नागिरी जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट. सह्याद्रीच्या माथ्याला आणि खाडीच्या तोंडाला एकच रंग. ऑक्टोबर 2025 मध्ये शक्ती चक्रीवादळ पश्चिमेकडे दूर जात असतानाही पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत सगळे जिल्हे एका ओळीत सावध केले गेले. उलट ऑक्टोबर 2019 मध्ये क्यारचे केंद्र किनाऱ्यावर आलेच नाही, तरी देवगड-मालवणकडे समुद्र आत घुसला. लोक काय शिकले? संदेश आला की वादळ येत नाही, आणि रेघ लांब असली तरी पाणी येते. लोक बेफिकीर झाले असे आपले अधिकारी सभांतून सांगतात. बेफिकीर नाहीत. दर वेळी सगळ्यांनाच सावध केले की कोणीच सावध राहत नाही, एवढे त्यांना अनुभवाने समजले आहे.

ओडिशाचे उदाहरण आपल्याला माहीत आहे. 1999 च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे 10 हजार माणसे गेली. त्या राज्याने त्याच वर्षी स्वतंत्र प्राधिकरण उभे केले, किनाऱ्यावर पक्के निवारे बांधले, गावागावात माणसे शिकवली. मे 2019 मध्ये फनी आले तेव्हा 12 लाखांच्या आसपास लोक हलवले आणि मृत्यू 64 झाले. फनी निसर्गपेक्षा कितीतरी जबर होते. त्यांची गरिबी आपल्यापेक्षा जास्त, समुद्र आपल्यापेक्षा खवळलेला. त्यांच्याकडे होते ते गावपातळीवरचे उत्तर: कोण कुठे जाणार, कोणाच्या सांगण्यावरून जाणार आणि ज्या इमारतीत जाणार ती उभी राहील का.

या विषयावर आम्ही लेखी अर्ज दिले आहेत. तालुक्याच्या एका कार्यालयाने ते जिल्ह्याकडे पाठवले, जिल्ह्याच्या एका कार्यालयाने योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे. पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. ग्रामसभेत ठराव झाले, त्यांच्याही प्रती गेल्या. म्हणून आता हे उघडपणे लिहावे लागते आहे.

आम्हाला काय हवे ते पुन्हा सांगते. बाणकोट खाडीच्या दोन्ही काठांचा धोका एकत्र काढा, खाडीला एक प्रदेश धरून. रायगड आणि रत्नागिरीच्या अधिकाऱ्यांना एका टेबलावर बसवा. 720 किलोमीटरच्या किनाऱ्यावर अशा किती खाड्यांमधून तालुक्यांच्या आणि जिल्ह्यांच्या हद्दी जातात ते मोजा आणि तिथेही हेच करा. पाणी मीटरमध्ये सांगू नका, आम्हाला उधाण कळते: उधाणाच्या रेघेच्या वर किती हात, हे गावात खांबावर रंगवून दाखवा. 3 जून 2020 ला वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचेच दिवस. वादळ भरतीला आले तर काय आणि सुकतीला आले तर काय, हे दोन वेगळे धोके आहेत, ते वेगळे सांगा. खारबंदिस्तीचे कोणते बांध एवढ्या पाण्याला टिकत नाहीत याची यादी संबंधित ग्रामपंचायतींना द्या, कारण बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरते आणि पुढची वर्षे भात होत नाही. निवाऱ्यासाठी नेमलेल्या प्रत्येक इमारतीचे छप्पर माणूस पाठवून तपासा. स्लॅबची जी घरे आहेत त्यांच्या मालकांशी आधीच बोला. आमच्याकडे कोणी नाही म्हणणार नाही. टॉवर बंद पडल्यावर चालेल असा एक तरी बिनतारी संच खाडीच्या तोंडाशी ठेवा आणि तो चालवायला गावातली दोन माणसे शिकवा, तांडेल शिकवा, त्यांना समुद्र आपल्यापेक्षा जास्त कळतो.

यातले काय झाले आहे, काय होणार आहे आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे बाणकोट खाडीच्या दोन्ही काठांच्या ग्रामपंचायतींना पुढच्या आगोटीच्या आत लेखी कळवावे. जे होणार नाही त्याचे कारणही लिहावे, म्हणजे ते आमचे आम्हाला करता येईल का, हे ग्रामसभेत ठरवता येईल.

आपली,
बाणकोट खाडीच्या दक्षिण काठावरची एक रहिवासी