एकाचा उजेड, दुसऱ्याचा अंधार

लोणंद हे चार दिशांचे गाव आहे. उत्तरेला नीरा नदी ओलांडली की नीरा, पूर्वेला तरडगाव आणि फलटण, दक्षिणेला सालपे घाट चढून वाठार स्टेशन व पुढे सातारा, आणि पश्चिमेला शिरवळ व पुणे-बंगळूर महामार्ग. पुणे-मिरज लोहमार्गावरील या स्थानकाच्या आणि कांद्याच्या मोठ्या बाजारपेठेच्या आधाराने गाव वाढले. पुढे औद्योगिक वसाहत आली आणि तिच्या पाळ्याही आल्या. दुसरी पाळी संपवून खेड्याकडे परतणारा कामगार, पहाटे दुधाचे कॅन डेअरीवर पोचविणारा गवळी, शिकवणी आटोपून निघालेला विद्यार्थी आणि तालुक्याच्या कचेरीतून उशिरा सुटलेला कारकून या सर्वांचे वाहन एकच, ते म्हणजे मोटारसायकल. आणि या सर्वांची तक्रारही एकच असते: रात्री, विशेषतः पावसात, गाडीच्या दिव्यात काही दिसत नाही.

तक्रार खोटी नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १ लाख ६८ हजार ४९१ माणसे रस्त्यांवर मृत्युमुखी पडली. त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होती. दिवसाच्या आठ प्रहरांत सर्वाधिक अपघात सायंकाळी सहा ते नऊ या वेळेत होतात, असेही हा अहवाल सांगतो. या आकड्यांमागे दिव्याखेरीज इतर अनेक कारणे आहेत, हे उघड आहे. तरीही अंधारात रस्ता न दिसणे हे त्यांतील एक कारण आहे आणि ते दूर करण्यासाठी माणूस स्वतःच्या खिशातून खर्च करण्यास तयार असतो. म्हणूनच प्रत्येक बाजारपेठेच्या गावात सुट्या भागांच्या दुकानांत पांढरेशुभ्र एल.ई.डी. बल्ब, जादा वॅटचे हॅलोजन आणि हँडलखाली लावायचे जोडदिवे टांगलेले दिसतात. काही शे रुपयांत रात्रीचा दिवस करून देण्याचे आश्वासन त्यांच्या वेष्टनावर असते. हे आश्वासन कितपत खरे आहे, आणि खरे असले तर त्याची किंमत कोण मोजतो, हा विचार मात्र फारसा होत नाही.

दिव्याचे गणित

प्रथम भौतिकशास्त्राचा एक साधा नियम लक्षात घेतला पाहिजे. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. म्हणजे दुप्पट अंतरावरील वस्तू तितकीच उजळ दिसावी असे वाटत असेल, तर दिव्याचा जोर दुप्पट करून भागत नाही, तो चौपट करावा लागतो. पस्तीस वॅटच्या जागी साठ वॅटचा बल्ब बसविणाऱ्याला जितके अधिक दिसेल असे वाटते, त्याहून पुष्कळच कमी दिसते. उलट तारा तापतात, बल्बची टोपी वितळते आणि कॉइलवर भार पडतो तो वेगळाच.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. दिवा म्हणजे केवळ बल्ब नव्हे. बल्बमधील तार, तिच्यामागील परावर्तक आणि पुढील काच या तिघांची रचना परस्परांशी जुळवून केलेली असते. तार नेमकी ज्या जागी असावयास हवी तेथून एखाददुसरा मिलिमीटर जरी सरकली तरी झोत विस्कटतो. हॅलोजनसाठी घडविलेल्या परावर्तकात एल.ई.डी. बल्ब खुपसला की प्रकाशाचा उगम आकाराने आणि जागेने बदलतो. परिणामी रस्त्यावर पडावयाचा प्रकाश झाडांच्या शेंड्यांवर आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर पडतो. स्वाराला सभोवार पांढरा उजेड दिसतो, म्हणून तो समाधान पावतो. दूरचा खड्डा मात्र पूर्वीइतकाच अंधारात राहतो. कारखान्यातूनच एल.ई.डी. दिवा घेऊन आलेल्या गाड्यांची गोष्ट निराळी आहे, कारण त्यांचा परावर्तक व भिंग त्या दिव्यासाठीच बनविलेले असते.

पावसात हा दोष शतगुणित होतो. कोरड्या डांबरावर पडलेला प्रकाश खरखरीत पृष्ठभागामुळे विखुरतो आणि त्याचा काही अंश स्वाराकडे परततो. त्यालाच आपण रस्ता दिसणे असे म्हणतो. ओल्या रस्त्यावर पाण्याचा थर आरशासारखा वागतो. प्रकाश पुढेच निघून जातो आणि समोरच्याला दिपवितो, स्वाराच्या वाट्याला काळा रस्ता उरतो. त्यातच वर फेकलेला झोत पडत्या थेंबांवरून परावर्तित होऊन डोळ्यांसमोर पांढरा पडदा उभा करतो. म्हणून पावसात ‘फुल’ लाइट लावणारा डिम लावणाऱ्यापेक्षा कमी पाहतो. पिवळा प्रकाश पाऊस भेदून जातो, हा समजही तपासून घ्यावा असाच आहे. पावसाचे थेंब प्रकाशलहरींच्या मानाने इतके मोठे असतात की रंगाने फारसा फरक पडत नाही. निळसर पांढरा प्रकाश डोळ्यांना अधिक टोचतो, एवढे मात्र खरे. फ्रान्सने १९३६ पासून १९९३ पर्यंत मोटारींना पिवळे दिवे सक्तीचे केले होते, ते अखेर सोडून दिले.

स्वस्त आणि खरे उपाय

याचा अर्थ असा नव्हे की जुन्या गाडीच्या मालकाने अंधाराला शरण जावे. सुधारणा शक्य आहे, परंतु तिचा आरंभ दुकानातून न होता देखभालीतून व्हावयास हवा. तारेच्या दिव्याचा प्रकाश दाबावर फार अवलंबून असतो. बल्बपाशी पोचणारा विद्युतदाब दहा टक्क्यांनी कमी झाला तर प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. गंजलेले जोड, बारीक झालेल्या तारा आणि जळकट स्विच एवढी घट सहज घडवून आणतात. अनेक जुन्या गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर न चालता थेट इंजिनाच्या कॉइलवर चालतो. त्यामुळे वेग मंदावला की, म्हणजे नेमके खड्ड्यापाशी, दिवा पिवळा पडतो. अशा गाडीचे जोड घासून नवे केले, मिस्त्रीकडून कॉइल आणि रेग्युलेटर तपासून घेतले, आणि जेथे बॅटरीची क्षमता आहे तेथे रिले घालून जाड तारेने दिव्याला वीज दिली, तर त्याच बल्बचा उजेड लक्षात येण्याइतका वाढतो. धुरकट झालेली काच आणि काळवंडलेला परावर्तक बदलणे हा त्यापुढील उपाय. हेल्मेटची चरे पडलेली काच बदलणे हाही दिवा सुधारण्याचाच एक प्रकार आहे, कारण समोरचा प्रत्येक किरण त्या चऱ्यांवर फुटून चांदण्यासारखा पसरतो.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र दिव्याची दिशा नीट करणे हा आहे. सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करावी, नेहमीचा भार घेऊन स्वाराने तीवर बसावे आणि डिम लाइटच्या तेजस्वी भागाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा दहा ते पंधरा सेंटिमीटर खाली येईल असा दिवा फिरवून घ्यावा. नेहमीचा भार हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. मागे दुधाचे दोन कॅन अथवा कुटुंबातील माणसे बसली की मागील स्प्रिंग दबतात आणि पुढचा झोत आकाशाकडे उचलला जातो. रिकाम्या गाडीवर बरोबर असलेला दिवा भरल्या गाडीवर चूक ठरतो. या कामाला एक पैसा लागत नाही, आणि म्हणूनच बहुधा त्याची जाहिरात कोणी करीत नाही.

खर्च कोणाचा?

आता अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहू. आर्थर पिगू यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे दाखवून दिले की एखाद्याच्या व्यवहाराचा खर्च जेव्हा तिऱ्हाइतावर पडतो, तेव्हा बाजारातील किंमत खरी किंमत राहत नाही. कारखान्याचा धूर हे त्याचे नेहमीचे उदाहरण. रात्रीच्या रस्त्यावरील दिपविणारा दिवा हा याच जातीचा धूर आहे. बल्ब विकत घेणारा आपल्या सोयीची किंमत मोजतो. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पसरणाऱ्या अंधाराची किंमत तो मोजत नाही. दिपलेला डोळा सावरण्यास काही सेकंद लागतात, आणि वय वाढते तसा हा काळ वाढतो. ताशी पन्नास किलोमीटर वेगाने तीन सेकंदांत गाडी सुमारे बेचाळीस मीटर जाते. तेवढा रस्ता समोरचा माणूस जवळजवळ आंधळेपणाने कापतो.

गोष्ट येथेच थांबत नाही. दिपलेला माणूसही दुसऱ्या दिवशी दुकानात जातो आणि अधिक प्रखर दिवा घेतो. त्याला पाहून तिसरा घेतो. शेवटी सर्वांचे पैसे खर्च होतात, सर्वांचे डोळे दिपतात, आणि कोणालाच पूर्वीपेक्षा अधिक दिसत नाही. सभेत एकजण उभा राहिला की मागचे सर्व उभे राहतात आणि मग सर्वांचेच पाय दुखतात, तसा हा प्रकार. अशा ठिकाणी प्रत्येकाच्या शहाणपणावर सोपवून भागत नाही, सर्वांना बांधणारा नियम लागतो.

नियम आहेही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०६ वा नियम असे सांगतो की पुढील दिव्याचा झोत कायम खाली वळविलेला असावा, आणि आठ मीटरवर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला त्याने दिपवू नये. नियम स्पष्ट आहे, मोजता येण्याजोगा आहे. परंतु तो मोजतो कोण? धुराची तपासणी करून पी.यू.सी.चे प्रमाणपत्र देणारी केंद्रे गावोगाव आहेत. त्याच केंद्रात एका भिंतीवर दोन रेघा ओढून दिव्याची उंची पाहणे अशक्य नाही. धुराचे प्रदूषण तपासावयाचे आणि प्रकाशाचे तपासावयाचे नाही, यात तर्क नाही.

दिसणे आणि दाखविणे

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ साली असा मुद्दा मांडला की सुरक्षिततेची साधने वाढली की माणसे अधिक धोका पत्करू लागतात, आणि लाभाचा काही भाग असा हरपतो. त्यांच्या निष्कर्षाच्या व्याप्तीवर पुष्कळ वाद झाला. पण दिव्याच्या बाबतीत त्यातील इशारा विसरता येत नाही. ताशी साठच्या वेगाने जाणारी गाडी दर सेकंदाला सुमारे सतरा मीटर पुढे सरकते. धोका ओळखून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला तरी पंचवीस मीटर गेले. ओल्या रस्त्यावर थांबण्यास आणखी पस्तीस मीटर लागले तर एकूण साठ. गडद कपड्यांतील पादचारी डिम लाइटमध्ये पुष्कळदा चाळीस-पन्नास मीटरच्या आत आल्यावरच दिसतो. हाच हिशेब ताशी चाळीसला सुमारे बत्तीस मीटरवर येतो. म्हणजे वेग वीस किलोमीटरने कमी करणे हे बाजारातील कोणत्याही बल्बपेक्षा अधिक गुणकारी आहे. दिवा सुधारल्यावर वेगही वाढविला, तर खर्च करून अंतर पुन्हा होते तेथेच आणून ठेवले असे होईल.

शिवाय पाहणे हा प्रश्नाचा अर्धा भाग झाला, दिसणे हा उरलेला अर्धा. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागलाच पाहिजे असा नियम झाला, तो स्वाराला रस्ता दिसावा म्हणून नव्हे, स्वार इतरांना दिसावा म्हणून. परंतु याच रस्त्यांवर हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या मागे एकही लाल दिवा नसताना रात्रभर चालतात. बंद पडल्या तर कडेला दगड लावून तशाच उभ्या राहतात. मोटारसायकलस्वाराचा दिवा कितीही चांगला असो, समोरून झोत येत असताना तपकिरी उसाची भिंत त्याला दिसत नाही. आषाढी वारीच्या दिवसांत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून लोणंदला मुक्काम करते आणि चांदोबाच्या लिंबावरून तरडगावकडे जाते, तेव्हा पहाटेच्या अंधारात आणि पावसात हजारो पावले याच वाटेवर असतात. त्यांच्याकडे तर दिवाच नसतो.

म्हणून उपायांची जबाबदारी वाटून घेतली पाहिजे. ऊस हंगामाच्या आरंभी परावर्तक लावण्याच्या मोहिमा होतात, छायाचित्रे निघतात आणि महिन्याभरात चिखलाने ते परावर्तक झाकले जातात. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर मागील दिवा आणि स्वच्छ परावर्तक नसलेल्या ट्रॉलीचे वजनच न करण्याचा दंडक घातला, तर आठवड्यात फरक दिसेल. वाहतुकीचे पैसे जेथे मिळतात तेथेच शिस्त लागते. रस्त्यांच्या कडेच्या पांढऱ्या रेघा दरवर्षी पावसाळ्यापूर्वी पुन्हा ओढणे हे बांधकाम खात्याचे काम. महाविद्यालयांनी आपल्या वाहनतळाच्या भिंतीवर दिवा तपासण्याच्या रेघा ओढल्या तर विद्यार्थ्यांना प्रकाशशास्त्राचा एक धडा विनामूल्य मिळेल. आणि समोरून वाहन येताच अंगठ्याने डिपर दाबणे, यासाठी ना अनुदान लागते ना कायदा.

दिवा ही खासगी मालमत्ता असली तरी प्रकाश खासगी नसतो. तो गाडीतून निघाला की रस्त्यावरील सर्वांचा होतो, वाटेवरील कंदिलासारखा किंवा डोळ्यांत फेकलेल्या धुळीसारखा. पाळी संपवून पावसातून घरी निघालेल्या कामगाराची वाट पाहत घरात कोणी जागे असते. तो सुखरूप पोचणे हे त्याच्या दिव्यापेक्षाही समोरून येणाऱ्याच्या दिव्यावर अधिक अवलंबून आहे. एवढे ध्यानात आले तर नवा बल्ब विकत घेण्यापूर्वी जुन्या दिव्याची मान खाली वाकविण्याचे शहाणपण सुचेल.