सुबुद्धी, पण शेजाऱ्याला

'देव त्यांना सुबुद्धी देवो.' टीव्हीवरच्या चर्चांमुळे हे वाक्य या आठवड्यात पुन्हा कानांवर आदळलं. मराठीत सुबुद्धी मागतात ती नेहमी दुसऱ्यासाठी. स्वतःसाठी मागायचं ते पाऊस, स्थळ, नोकरी आणि पोराचे टक्के. आपल्या अकलेची भरती पूर्ण झालेली आहे, अशी आपली खात्रीच असते.

म्हणून कारंजा लाडची आठवण काढायची. हे नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव. पारायणाला बसलेले सात दिवसांत त्यांच्या चरित्राचा ग्रंथ, गुरुचरित्र, संपवतात, पण अकराव्या अध्यायातल्या एका गोष्टीपाशी थांबत नाहीत. माधव आणि अंबेचा हा मुलगा, म्हणजे लहानपणीचे नृसिंह सरस्वती, ॐकाराखेरीज काही बोलत नाही. आईबाप त्याला रविवारी पिंपळाच्या पानावर जेवू घालतात, कारण पोराला वाचा फुटावी! पुढे त्याने हातात धरलेलं लोखंड सोनं होतं, म्हणजे घराची ददात मिटली; तरीही आईबापांचं मागणं तेच राहतं. सोनं आलं म्हणून त्यांची काळजी मिटत नाही. मुंज लागते आणि हा मुका म्हणवला गेलेला बटू वेद म्हणू लागतो. मुंजीत जो गायत्री मंत्र देतात, त्यातही धन, पुत्र, पाऊस यांतलं काहीच मागितलेलं नाही. बुद्धीला चालना मिळावी एवढंच मागणं आहे. याच गावात जैनांची जुनी मंदिरं आणि हस्तलिखितांची भांडारं आहेत. जैन विचारात तर तीर्थंकर कुणाला काही देतच नाहीत. वंदन करायचं ते त्यांचे गुण आपल्यात यावेत म्हणून. नवसाचा हिशेब तिथे मुळातच बसत नाही.

यावर कुणी म्हणेल, सोयाबीन घरात पडलंय, भाव पडलाय, तिथे बुद्धी घेऊन काय चाटायची? रास्त आहे. प्रार्थनेनं बाजार समितीतला भाव रुपयाने चढत नाही. पण माल आज काढायचा की ठेवायचा, सावकाराकडे जायचं की भावाशी बोलायचं, हे तर ठरवावंच लागतं. आणि रागाच्या नाहीतर भीतीच्या भरात ठरवलेलं पुढे दोन हंगाम फेडावं लागतं. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: हा तर आपलाच विचार, मग देवाचं नाव कशाला? कारण एकट्याचं मन स्वतःचीच वकिली करतं. मागणारा निदान एवढं कबूल करतो की आपलं चुकत असेल. उत्तर देव देतो की न्यायाधीश बदलल्यामुळे आपल्यालाच ते सुचतं, हा वाद पंडितांनी खुशाल घालावा. हात जोडायला त्याच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.

अडचण टीव्हीवाल्यांची आहे. गायत्रीतली बुद्धी 'आमची' आहे, 'त्यांची' नाही. मुंजीत तो मंत्र सांगताना बाप आणि बटू यांच्या डोक्यावरून वस्त्र ओढून घेतात आणि शब्द थेट कानात जातात. मांडवातल्या बाकीच्यांच्या अकलेचा विषय त्या वस्त्राखाली निघतच नाही.