चूकभूल द्यावी घ्यावी : श्रद्धा, विसंगती आणि आपली समीक्षा

मराठीच्या पदव्युत्तर प्रबंधांत ‘अंतर्विरोध’ हा शब्द गेली काही दशके निकालपत्रासारखा वापरला जात आहे. लेखकाची दोन विधाने शोधावीत, ती परस्परांशी जुळत नाहीत असे दाखवावे आणि खाली हा शब्द लिहून प्रकरण संपवावे, अशी एक पद्धत रूढ झाली आहे. मीही ती वापरली आहे. काही वर्षांपूर्वी एका मौखिक परीक्षेत परीक्षक म्हणून बसलो असता एका विद्यार्थिनीला मी विचारले, “एकाच संतकवीने देव सगुण आहे असेही म्हणावे आणि तसा नाही असेही म्हणावे, मग त्याची नेमकी श्रद्धा कोणती?” ती म्हणाली, “सर, दोन्ही.” मी तिला तर्कशास्त्राचा प्राथमिक नियम ऐकवला आणि पुढचा प्रश्न घेतला. आज वाटते की उत्तर तिचे बरोबर होते, आणि तर्कशास्त्र मलाच पुरेसे ठाऊक नव्हते. प्रस्तुत टिपण त्या उत्तराच्या समर्थनार्थ आहे.

विसंगती पकडण्याच्या या कलेला आपल्याकडे प्रतिष्ठा आहे, आणि ती मिळवून देणाऱ्यांत नरहर कुरुंदकर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यातले कुरुंदा हे गाव मराठी वाचकाला मुख्यतः त्यांच्या आडनावामुळे ठाऊक असते. त्यांचा जन्म १५ जुलै १९३२ रोजी नांदापूरचा. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात त्यांनी मराठी शिकवले, पुढे तेथेच प्राचार्यपद सांभाळले आणि १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादला व्यासपीठावरच त्यांचा अंत झाला. प्रतिपक्षाची दोन गृहीते शेजारी मांडून त्यांच्यातील तेढ वाचकासमोर उघडी करणे हे त्यांच्या वादपद्धतीचे बलस्थान होते. मात्र विसंगती सापडली की त्यांचे विवेचन थांबत नसे. ती तेथे का आली, कोणत्या ऐतिहासिक गरजेतून आली, हा त्यांचा खरा प्रश्न असे. अनुकरण करणाऱ्यांनी पहिली पायरी उचलली आणि दुसरी सोडून दिली, असे माझे मत आहे.

विसंगतीचे आपल्याला एवढे भय का वाटते? रूढ तर्कशास्त्रात त्याचे एक नेमके कारण आहे. एक विधान आणि त्याचा निषेध ही दोन्ही मान्य केली, तर त्यांतून वाटेल ते विधान निष्पन्न करता येते. सी. आय. लुइस आणि लँगफर्ड यांच्या १९३२ च्या ग्रंथात यासाठी वापरलेली युक्ती आपल्या उदाहरणावर चालवून पाहू. ‘विठ्ठल सगुण आहे’ हे मान्य केले. मग ‘विठ्ठल सगुण आहे किंवा कुरुंदा समुद्रकाठी आहे’ हेही मान्य करावे लागते, कारण विकल्पातील एक बाजू खरी असली की संपूर्ण विधान खरे ठरते. आता ‘विठ्ठल सगुण नाही’ हेही मान्य केले आहे. म्हणजे विकल्पाची पहिली बाजू गळाली आणि कुरुंदा समुद्रकाठी आले. प्रत्येक पायरी निर्दोष दिसते. तरीही सातशे वर्षांत एकाही वारकऱ्याने असा निष्कर्ष काढला नाही. त्याला तर्क कळत नव्हता असे समजण्यापेक्षा, श्रद्धा ज्या तर्काने चालते त्यात ही पायरीच नाही, असे समजणे अधिक सयुक्तिक नाही काय?

विसाव्या शतकातील काही तर्कशास्त्रज्ञ याच निष्कर्षाकडे वळले. पोलंडच्या यास्कोव्स्की यांनी १९४८ मध्ये चर्चेचे तर्कशास्त्र मांडले : सभेतील प्रत्येक वक्त्याचे विधान त्याच्या भूमिकेतून ग्राह्य असते, म्हणून सभेच्या एकूण जमाखात्यात ‘क’ असतो आणि ‘क नव्हे’ हेही असते, परंतु ‘क आणि क नव्हे’ असे एकत्र विधान करणारा कोणी नसतो. ब्राझीलच्या दा कोस्ता यांनी १९६३ पासून विसंगती सहन करणाऱ्या तर्कव्यवस्थांची आकारिक बांधणी केली. ग्रॅहम प्रीस्ट १९७९ च्या निबंधापासून त्याही पुढे गेले. काही विरोधी विधानांच्या दोन्ही बाजू खरोखरच सत्य असतात, असा त्यांचा पक्ष आहे. साहित्याच्या अभ्यासकाला प्रीस्ट यांच्यामागे एवढे दूर जाण्याची गरज नाही. जगात विसंगती आहे की नाही हा वाद तत्त्वज्ञांनी चालू ठेवावा. आपला संबंध मनातल्या आणि संहितेतल्या विसंगतीशी आहे, आणि तिच्यासाठी यास्कोव्स्की पुरेसे आहेत.

त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी पोलंडलाही जावे लागत नाही. जुन्या दुकानदारांच्या हिशेबाच्या वह्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना ‘चू. भू. द्या. घ्या.’ ही अक्षरे आठवतील. दुकानदार प्रत्येक रक्कम तपासून लिहितो. ती बरोबर आहे अशी त्याची खात्री असते, नाहीतर त्याने ती लिहिलीच नसती. आणि त्याच हाताने तो खाली मान्य करतो की यांतली एखादी तरी चुकलेली असू शकेल. आता ‘असू शकेल’ ऐवजी ‘बहुधा असेलच’ म्हणा, कारण हजार नोंदींच्या वहीत अनुभवी माणूस तसेच म्हणेल. मग प्रत्येक नोंद खरी मानणारा हा माणूस सर्व नोंदी मिळून खऱ्या मानत नाही. डी. सी. मॅकिन्सन यांनी १९६५ मध्ये हाच पेच ग्रंथाच्या प्रस्तावनेवरून मांडला : लेखक ग्रंथातील प्रत्येक विधानाची जबाबदारी घेतो आणि प्रस्तावनेत उरलेल्या चुकांबद्दल क्षमाही मागतो. त्याला अविवेकी कोण म्हणेल? उलट, ग्रंथात एकही चूक नाही अशी ग्वाही देणाराच आपल्याला संशयास्पद वाटतो. याआधी तीनच वर्षे, १९६२ मध्ये, हिंटिका यांनी श्रद्धेचे जे आकारिक शास्त्र उभारले होते त्यातला श्रद्धावान मात्र आदर्श होता : त्याच्या श्रद्धा कधी परस्परविरोधी नसतात आणि त्यांतून निघणारे सर्व निष्कर्षही त्याला मान्य असतात. असा माणूस ना दुकानात भेटतो, ना वारीत, ना विद्यापीठाच्या मराठी विभागात.

या पेचातून निघणारा धडा तांत्रिक आहे, पण महत्त्वाचा आहे. ‘क’वर श्रद्धा आहे आणि ‘ख’वर श्रद्धा आहे, एवढ्यावरून ‘क आणि ख’ या जोडविधानावर श्रद्धा आहे असे म्हणता येत नाही. समीक्षक लेखकाची दोन वाक्ये दोन ठिकाणांहून उचलतो, स्वतःच्या हाताने त्यांच्यामध्ये ‘आणि’ घालतो, आणि तयार झालेले तिसरे वाक्य लेखकाच्या नावावर खर्ची टाकतो. ते तिसरे वाक्य लेखकाने लिहिलेले नसते.

कुरुंदा परिसरात या ‘आणि’चा विचार किती जुना आहे हे आपण विसरतो. जवळच्याच औंढा नागनाथ तालुक्यात शिरड शहापूर येथे मल्लिनाथाचे दिगंबर जैन क्षेत्र आहे. जैनांच्या सप्तभंगीत तिसरा भंग ‘आहे आणि नाही’ असा आहे. पण तो क्रमाने म्हणावयाचा आहे, एका अपेक्षेने आहे, मग दुसऱ्या अपेक्षेने नाही. हीच दोन्ही युगपत् म्हणू गेल्यास चौथा भंग येतो, ‘अवक्तव्य’. क्रमाने मान्य करणे आणि एकदम मान्य करणे यांतला हा भेद म्हणजेच वर सांगितलेला ‘आणि’चा प्रश्न. जोनार्डन गनेरी यांनी २००२ मध्ये जैन तर्काचे विवेचन करताना यास्कोव्स्कींची आठवण काढली, ती उगाच नव्हे. आपल्या वर्गात मात्र स्याद्वाद शिकवताना आंधळे आणि हत्ती एवढीच गोष्ट सांगून आपण मोकळे होतो. ती गोष्ट महानुभावांच्या दृष्टांतपाठातही आहे, आणि तिच्यात डोळस माणसाला सगळा हत्ती दिसतो. सगळा हत्ती एकदम सांगता येईल काय, हाच तर चौथ्या भंगाचा प्रश्न आहे.

औंढ्याचेच दुसरे उदाहरण घ्या. ज्योतिर्लिंगे बाराच, ही श्रद्धा सर्वत्र आहे. औंढ्याचा नागनाथ त्यांपैकी एक. परंतु द्वारकेजवळचा नागेश्वर आणि उत्तराखंडातील जागेश्वर यांचाही त्याच स्थानावर दावा आहे. आपल्या परळीचे वैजनाथ आणि झारखंडातील देवघर यांचेही तसेच. मराठवाड्यातला यात्रेकरू औंढा-परळी करतो, द्वारकेला गेला की तेथल्या नागेश्वरालाही ज्योतिर्लिंग म्हणूनच हात जोडतो, आणि घरी येऊन बाराच म्हणतो. बेरीज चुकते हे त्याला सांगून पाहा, तो हसेल. प्रत्येक स्थळी तेथली नोंद खरी मानण्याची आणि वहीची एकूण बेरीज न मारण्याची त्याची रीत पक्की आहे. तिला अज्ञान म्हणणे सोपे आहे, पण ते निरीक्षण नव्हे.

मराठी भाषेनेही आपल्याला येथे सावध करायला हवे होते. ‘वाटणे’, ‘समजणे’, ‘मानणे’, ‘विश्वास असणे’, ‘श्रद्धा असणे’ ही सर्व क्रियापदे आपण ‘श्रद्धाविषयक विधाने’ या एकाच कप्प्यात टाकतो. ‘देव आहे असे मला वाटते’ आणि ‘मी देव मानतो’ ही एकच गोष्ट नव्हे. ‘मानणे’ यात आदर आहे, व्यवहार आहे, क्वचित निव्वळ सोयही आहे. ‘मानलेला भाऊ’ सख्खा नाही हे ठाऊक असूनच मानायचा असतो. निषेधात तर आणखी गोंधळ होतो. ‘मी देव मानत नाही’ असे म्हणणारा देवाचा अभाव प्रतिपादन करतो की फक्त होकार रोखून धरतो? ‘नाही असे मानणे’ आणि ‘आहे असे न मानणे’ यांतले अंतर बुजवले की संशयी, उदासीन आणि नास्तिक हे तिघे एकाच रांगेत उभे राहतात. आधुनिक मराठी लेखकांच्या धर्मविचारावरील किती प्रबंधांत हे घडले आहे, ते जिज्ञासूंनी पाहावे.

आक्षेप उघड आहे, आणि तो गंभीर आहे. एवढी सहिष्णुता दाखवली तर कोणत्याही ढिसाळ लेखनाचे समर्थन करता येईल. ‘समन्वय’ हा आपला लाडका शब्द पुन्हा सर्व दोषांवर पांघरूण म्हणून वापरला जाईल. याला उत्तर हिशेबाच्या वहीतच आहे. ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ लिहिल्याने खोटी रक्कम लिहिण्याची मुभा मिळत नाही. प्रत्येक नोंदीची जबाबदारी कायम राहते, आणि कोणी नेमकी चूक दाखवली की ती दुरुस्त करावीच लागते. विसंगती सहन करणारे तर्कशास्त्र नियम शिथिल करते ते एकाच ठिकाणी, आणि बाकी सर्व ठिकाणी कठोर राहते. एकाच परिच्छेदात, एकाच अर्थाने, एकाच अपेक्षेने कोणी होय आणि नाही म्हटले असेल, तर तो दोष आहे आणि त्याला दोषच म्हणावे. तसेच उक्ती आणि कृती यांतील अंतराला या चर्चेचा कोणताही आधार मिळू नये. व्यासपीठावर जातिअंत आणि घरच्या लग्नात पोटजातीची चौकशी, हा श्रद्धांचा तर्क नव्हे. तो वर्तनाचा प्रश्न आहे, आणि तेथे कुरुंदकरांची धार जशीच्या तशी वापरावी.

एका ठिकाणी मात्र माझी मांडणी अपुरी पडते, हे कबूल केले पाहिजे. ‘अमृतानुभवा’च्या सातव्या प्रकरणात ज्ञानेश्वर अज्ञानाचे खंडन करतात, आणि आठव्यात ज्ञानाचेही. येथे दोन अपेक्षा नाहीत, दोन प्रसंग नाहीत, दोन वक्ते नाहीत. ‘क्रमाने’ म्हणूनही सुटका होत नाही, कारण दुसरे खंडन पहिल्याच्याच आधाराने उभे आहे : अज्ञानच नाही तर ज्ञान कोणाच्या तुलनेने ज्ञान म्हणावे? यासाठी ‘नाही’ या शब्दाचाच वेगळा विचार करावा लागेल. संस्कृत परंपरेत पर्युदास आणि प्रसज्यप्रतिषेध असा भेद आहे. पहिला निषेध करताना दुसरे काही स्थापतो, दुसरा काहीच न स्थापता केवळ नाकारतो. आठव्या प्रकरणातला निषेध या दुसऱ्या जातीचा आहे, असा माझा तर्क आहे. तो संहितेच्या ओवी-ओवीवर तपासून पाहण्याचे काम अजून व्हायचे आहे, आणि ते मराठीच्या माणसाचे आहे. तत्त्वज्ञान विभागाकडे बोट दाखवून ते टाळता येणार नाही.