शनिवारवाड्याची किंकाळी

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला गेलेला पाहुणा शनिवारवाडा पाहिल्यावाचून परतत नाही. पण तो पाहतो काय? दिल्ली दरवाजातून आत शिरले की घरचे वडीलमाणूस आवाज खाली आणते आणि 'काका, मला वाचवा'ची गोष्ट सुरू होते. पोरे शहारतात, बायका हळहळतात आणि मंडळी भेळ खायला बाहेर पडतात. झाला वाडा पाहून!

नारायणराव पेशवे ३० ऑगस्ट १७७३ रोजी मारले गेले. वय अवघे अठरा. कळवळा कोणाला येणार नाही? पण एका दिवसाच्या रक्ताने आम्ही सबंध वाडा माखून ठेवला आहे, ही माझी तक्रार आहे.

ह्या पापात मीही वाटेकरी आहे. शिक्षक म्हणून मुले नेली आणि कादंबरीकार म्हणून ती किंकाळी रंगवून सांगितली. एकदा एका सुताराच्या मुलाने मध्येच विचारले, "गुरुजी, हा वाडा बांधला कोणी?"

"पहिल्या बाजीरावांनी."

"ते नव्हे. सुतार कोण होता?"

मी निरुत्तर झालो.

घरी येऊन पुस्तके उलटली. १० जानेवारी १७३० रोजी पायाभरणी, २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत. दोन्ही दिवस शनिवार. खर्च १६,११० रुपये. कारागिरांत देवाजी सुतार, कोंडाजी सुतार, चित्रकामाला राघो. नावे होती हो! आम्हीच ती कधी उच्चारली नव्हती.

त्यांचे काम आज दिसत का नाही, हेही आम्ही सांगत नाही. खाली दगडी जोते, वर वीट आणि सागवान, ही मराठी वाड्याची रीत. १८२८च्या फेब्रुवारीत आग लागली. लाकूड जळाले, दगड राहिला. म्हणून आज तट, दरवाजे, जोती आणि हजारी कारंज्याचे सोळा पाकळ्यांचे कमळ एवढेच उरले. दिल्ली दरवाजावरचा नगारखाना तेवढा जुन्या लाकूडकामाची साक्ष देत उभा आहे. पण मान वर करून पाहतो कोण?

आनंदीबाईने 'ध'चा 'मा' केला म्हणतात. तिच्या नावाने बोटे मोडणारे आम्ही काय निराळे? तिने एक अक्षर फिरवले. आम्ही सबंध वाड्याची भुताची गोष्ट केली.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला ती नावे सांगितली. त्याने वहीच्या पहिल्याच पानावर लिहून घेतली. यंदा जाल तेव्हा आपल्या मुलांना आधी नगारखान्याचे खांब दाखवा, देवाजी-कोंडाजींची नावे सांगा. किंकाळी मागाहून सांगितली तरी चालेल.