लांज्यात इलेक्ट्रिक कार परवडते का? हिशेब महिन्याच्या किलोमीटरचा

लांजा ते रत्नागिरी सुमारे ४० किलोमीटर. नोकरीसाठी रोज ये-जा करणाऱ्याची गाडी महिन्याचे २५ दिवस धरले तर २,००० किलोमीटर धावते. अशांनी इलेक्ट्रिक कार घ्यावी का?

किंमत किती उतरली?

२०२२ मध्ये टाटा टियागो ईव्ही ८.४९ लाखांत आली, तर २०२३ मध्ये एमजी कॉमेट ७.९८ लाखांत (एक्स-शोरूम). इलेक्ट्रिक कारवर जीएसटी फक्त ५ टक्के आहे. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल कारवरचा जीएसटीही २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे टियागोच्या पेट्रोल आणि इलेक्ट्रिक गाडीच्या सुरुवातीच्या किमतीत तेव्हाही तीन लाखांच्या आसपास फरक राहिला.

हा फरक कधी भरून निघतो?

पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि मायलेज १८ धरलं, तर २,००० किलोमीटरला सुमारे ११,६०० रुपये लागतात. इलेक्ट्रिक कारला तेवढ्यासाठी साधारण ३०० युनिट लागतील. सरासरी १६ रुपये दर धरला तर ४,८०० रुपये. म्हणजे तीन लाख पावणेचार वर्षांत वसूल!

पण महिन्याला ३०० किलोमीटरच फिरणाऱ्याला याच हिशेबाने २४ वर्षं लागतील. टियागो ईव्हीच्या बॅटरीची वॉरंटी ८ वर्षांची होती, हे इथे लक्षात घ्या.

घरी चार्जिंग जमेल?

इथे लांजेकर मुंबईकरांच्या पुढे आहेत. सोसायटीची परवानगी नको, अंगणात १५ अँपिअरचा सॉकेट पुरतो. टियागोची १९.२ युनिटची बॅटरी रात्रभरात भरते. मात्र वीजबिलाचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटचे आहेत. गाडीची वीज तुम्हाला वरच्या, महाग टप्प्यात नेते. पावसाळ्यात रात्री वीज गेली तर सकाळी गाडी अर्धवट चार्ज असेल, हेही गृहीत धरा.

गणपतीत मुंबईहून गावी?

अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. छोट्या टियागोची कागदावरची रेंज २०२२ मध्ये २५० होती आणि प्रत्यक्षात त्याहून कमी. वाटेत फास्ट चार्जरवर दर वेळी तासभर, शिवाय गर्दी असेल तर रांग. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगचं उद्दिष्ट आहे. ते मुंबई-गोवा महामार्गावर उतरेपर्यंत थांबे आधीच ठरवावे लागतील. धोरणातली टोलमाफी अटल सेतूवर मिळते.

४.९९ लाखांची जाहिरात

ही किंमत बॅटरीशिवायची. २०२४ मध्ये कॉमेटची ही योजना आली तेव्हा बॅटरीचं भाडं किलोमीटरला अडीच रुपये होतं. २,००० किलोमीटरला ५,००० रुपये! इंधनावर वाचलेले बहुतेक पैसे तिथेच जातात.

त्यामुळे शोरूममध्ये जाण्याआधी गेल्या सहा महिन्यांचे किलोमीटर आणि वीजबिल काढून बघा. रोज रत्नागिरी गाठणाऱ्याला ही गाडी परवडते. फक्त बाजार आणि सणासुदीला बाहेर निघणाऱ्याला सध्या पेट्रोलच स्वस्त.