‘डच वखारीतली’ बशी नावाची थाप

परवा शनिवारी एका मित्राच्या नव्या फ्लॅटवर गेलो होतो. बाणेर, अकरावा मजला, हॉलच्या भिंतीवर पाच निळ्या-पांढऱ्या बश्या तारेच्या हुकांना टांगलेल्या. मधल्या बशीकडे बोट दाखवून तो म्हणाला, "ही बघ. ओरिजिनल डच. वेंगुर्ल्याच्या डच वखारीतली. साडेतीनशे वर्षं जुनी, हँडपेंटेड!" मग किंमत सांगितली. माझा पहिला पगार त्यापेक्षा कमी होता.

मी बशी उतरवली आणि उलटी केली. मागे एक बसलेला स्फिंक्स आणि त्याच्याखाली पेट्रस रेगाउट, मास्ट्रिक्ट असा छापील शिक्का.

गंमत म्हणजे शिक्का कुणी लपवलेला नव्हता. विकणाऱ्यानं खोडला नव्हता आणि घेणाऱ्यानं वाचला नव्हता. :-)

एरवी हसून सोडून दिलं असतं. पण वर्षभरात ही तिसरी ‘वखारीतली बशी’ बघितली. आपल्या पगारदार, वीकांताला गाडी काढून कोकणात जाणाऱ्या मंडळींना हा नवा छंद लागलाय आणि आमच्या सिंधुदुर्गातली जुनी घरं त्याची खाण झाली आहेत. या छंदाबद्दल मला राग आहे. तो का आहे हे जरा सविस्तर लिहितो. (त्यात माझ्यावरचा रागही आहे, पण ते नंतर.)

आधी साधा हिशोब करू.

डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली १६०२ मध्ये. वेंगुर्ल्यात त्यांनी बस्तान बसवलं १६३७ मध्ये, विजापूरच्या आदिलशाहीच्या परवानगीनं. कारण उघड होतं. गोवा जवळ, आणि गोव्यात त्यांचा वैरी पोर्तुगीज. मांडवीच्या मुखाशी नाकेबंदीला उभ्या असलेल्या डच जहाजांना शिधापाणी लागायचं, ते वेंगुर्ल्याहून जायचं. सतरावं शतक संपता संपता हा कारभार आटोपला. कंपनी स्वतः १७९९ मध्ये संपली. वेंगुर्लं १८१२ मध्ये इंग्रजांकडे गेलं.

आणि रेगाउटचा चिनीमातीचा कारखाना? तो १८३० च्या दशकातला. म्हणजे वखार ओस पडल्यावर शंभराहून जास्त वर्षांनी जो कारखाना निघाला, त्याची बशी त्या वखारीत कशी पोचली? टाईम मशीननं?

आता ‘हँडपेंटेड’बद्दल. ऑनसाईटच्या निमित्तानं सहा महिने युट्रेख्टला होतो, तेव्हा रविवारी ट्रेननं डेल्फ्टला जाऊन या प्रकरणाचा थोडा अभ्यास केला. खऱ्या जुन्या डेल्फ्टची गोष्ट अशी की ती पोर्सेलिन नाहीच! साधी भाजलेली माती, तिच्यावर कथिलाचा पांढरा लेप आणि त्या लेपावर कोबाल्टच्या निळ्या रंगात ब्रशनं काढलेलं चित्र. लेप भट्टीत जाण्याआधी पिठासारखा कोरडा असतो. रंग टेकला की लगेच शोषला जातो. खोडाखोड नाही, अन्‌डू नाही. म्हणून रेषेत एक घाई दिसते, कुठे जाड कुठे पातळ. कडेचा टवका उडाला की आतून पिवळसर माती डोकावते.

चिनी बशीचा टवका उडाला तर आतही पांढरंच, काचेसारखं. आणि कारखान्यातली छापील बशी भिंगाखाली धरली तर रेषांऐवजी बारीक ठिपके आणि कोरीव आघात दिसतात. काठाची नक्षी कुठेतरी जोडलेली असते, तिथे वेल मध्येच तुटून पुन्हा सुरू होते. माझ्या मित्राच्या बशीत ती जोड सहाच्या काट्यावर होती. नुसत्या डोळ्यांना दिसत होती.

पुढची गंमत अजून मोठी आहे. वेंगुर्ल्याच्या डचांकडे निळी भांडी असतीलच, तर ती डेल्फ्टची असण्यापेक्षा चीनची असण्याची शक्यता जास्त. डेल्फ्टच्या कुंभारांनी हा निळा-पांढरा प्रकार उचलला मुळात चिनी भांड्यांवरून. १६०२ आणि १६०३ मध्ये डचांनी दोन पोर्तुगीज जहाजं लुटली, त्यातला चिनी माल हॉलंडमध्ये लिलावात गेला आणि लोक वेडे झाले. पुढे १६४४ मध्ये मिंग घराणं कोसळलं, चीनचा माल आटला, आणि ती भूक भागवायला डेल्फ्टच्या भट्ट्या जोरात पेटल्या. डच कंपनीनं जपानच्या आरिताकडूनही माल उचलायला सुरुवात केली. म्हणजे आशियातून युरोपकडे भांडी न्यायचा हा धंदा. चीनची पक्की भांडी हाताशी असताना, उलट दिशेनं आपली ठिसूळ नक्कल अर्ध्या जगाला वळसा घालून कोण गलबतं भरून आणेल?

तर ‘वेंगुर्ल्याची अस्सल डेल्फ्ट’ हे वाक्य जवळपास प्रत्येक शब्दाला संशयास्पद आहे. आणि तरी ते विकलं जातं, कारण आपल्याला बशी नको असते, गोष्ट हवी असते. दुकानदार हुशार. तो बशीबरोबर गोष्ट फुकट देतो.

इथे कुणी म्हणेल, फसला तर फसला, त्याचे पैसे, तुझं काय जातं? सांगतो.

वेंगुर्ल्याच्या डचांनी आणखी एक गोष्ट मागे ठेवली. पत्रं. तिथले अधिकारी बटाव्हियाला आणि हॉलंडला लिहीत होते, आणि शेजारी शिवाजीमहाराजांचं राज्य उभं राहत होतं. शिवकाळाच्या अभ्यासकांनी ही पत्रं वापरली आहेत. का वापरता आली? कारण पत्रावर जागा आहे, तारीख आहे, कुणी कुणाला लिहिलं ते आहे. यातलं सगळं फाडून टाकलं तर उरेल एक जुना, छान पिवळट कागद. फ्रेम करून बाणेरला लावायला उत्तम.

आपल्या धंद्यात हे शेंबड्या फ्रेशरलाही कळतं. टाईमस्टॅम्प नसलेला लॉग कुणाच्या कामाचा? वखारीच्या मातीत दोन बोटं खोल, एखाद्या विशिष्ट भिंतीच्या पायाशी सापडलेला निळा टवका हा पुरावा आहे. तोच टवका खिशात घालून घरी आणला की तो पेपरवेट. आणि कोकणच्या घरातल्या बशीचंही तसंच. ती कुणाच्या घरात होती, कुणी कुठून आणली, कधी वापरायचे, हीच तिची खरी किंमत. आपण पैसे मोजतो बशीचे आणि फुकटात नष्ट करतो तिचा पत्ता. वर त्या जागी खोटा पत्ता चिकटवतो. कोरी जागा निदान प्रामाणिक असते, खोटी नोंद पुढच्या दहा जणांना फसवते.

आता माझी कबुली.

आमच्या आचऱ्याच्या घरी एक निळी बशी होती. पणजोबा बोटीवर खलाशी होते, त्यांनी ट्रंकेतून आणलेली. वर्षभर फडताळात, कापडात गुंडाळून. चवथीला घर माणसांनी भरलं की बाहेर निघायची, आल्यागेल्यापुढे करंज्या ठेवायला. पाच वर्षांपूर्वी नवीन नोकरी, नवीन फ्लॅट, आणि मला ‘वारसा’ नावाचा झटका आला. मी काकीला म्हटलं, ही मी नेतो, इथे फुटेल.

काकी म्हणाली, "तुका ती कित्याक व्हयी? बरा, नेतस तर ने. चवथीक आणतलस मां?"

"आणतो" म्हटलं. एकदाही नेली नाही. पहिल्या वर्षी रिलीज होतं, दुसऱ्या वर्षी बसमध्ये फुटेल म्हणून, मग विसरलो. मध्यंतरी एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला कुतूहल म्हणून दाखवली. त्यानं उलटी केली, तोच स्फिंक्स बघितला आणि शांतपणे म्हणाला, "विकायची असेल तर वेंगुर्ल्याची वखार असं सांगू. तिप्पट येतील."

मी विकली नाही, एवढंच माझं पुण्य. पण त्या क्षणी लक्षात आलं की मी उद्या गाडीखाली आलो तर ही बशी पणजोबांची, आचऱ्याच्या फडताळातली, चवथीच्या करंज्यांची आहे हे पुण्यात सांगू शकणारं कुणी नाही. ती ‘वखारीतली’ व्हायला एका माणसाचं अंतर आहे. आणि पणजोबा कुठल्या बंदरात उतरले होते हे विचारायचं तर काकीलाच. ती आता ऐंशीची आहे. तिला हे कधी विचारलंच नव्हतं. बशी मागितली, गोष्ट मागितली नाही.

यावर नेहमीचं उत्तर ठाऊक आहे: "आम्ही घेतलं नाही तर भंगारात जाईल." यात तथ्य आहे, नाकारत नाही. घरं बंद पडतायत, वाटण्या होतायत, बरण्या देऊन प्लॅस्टिकचे डबे घेतले जातायत. लोक लगेच दिनकर केळकरांचं नाव घेतात. घ्या ना! केळकरांनी (१८९६-१९९०) वाडे पालथे घालून दिवे, अडकित्ते, असल्या घरगुती वस्तू जमवल्या, वीस हजारांच्या आसपास, आणि सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. आज तिकीट काढून कुणीही पुण्यात तो बघू शकतो. हॉलमध्ये पाच बश्या टांगून पाहुण्यांना किंमत सांगणाऱ्यानं स्वतःला त्यांच्या रांगेत बसवू नये. वाचवणं आणि उचलणं यात फरक आहे, आणि नोंद ठेवली की नाही यावर तो लगेच कळतो.

कायद्याचंही एकदा बघून ठेवा. जमिनीत सापडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची पुरलेली चीज कलेक्टरला कळवावी, असं १८७८ चा कायदा सांगतो. १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. तुमच्या ‘साडेतीनशे वर्षं जुन्या’ बशीच्या विक्रेत्याला परवाना विचारून बघा. बशीचं वय लगेच कमी होईल.

छंद सोडा असं म्हणत नाहीये. मलाही निळा रंग आवडतो. पण तीन गोष्टी करू या. वखार, किल्ला, किनारा इथून टवकासुद्धा उचलायचा नाही. फोटो काढा, जागा टिपा, तिथेच ठेवा. दुसरं, वस्तू कुणाच्या घरातून घेतली तर देणाऱ्याचं नाव, गाव, तिनं सांगितलेली हकिगत त्याच दिवशी लिहून वस्तूबरोबर ठेवायची. आणि विकणारा पत्ता सांगू शकत नसेल तर शोभेच्या बशीचेच पैसे द्यायचे आणि शोभेची बशी म्हणूनच ती टांगायची.

मित्राला हे सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "पण दिसते छान ना?" दिसते. छानच दिसते. छापील असली तरी.

मी यंदा चवथीला सुट्टी टाकली आहे. बशी टॉवेलात गुंडाळून बॅगेत, आणि एक वही. काकीला बसवून विचारायचंय, पणजोबांची बोट कुठली, बंदर कुठलं. तिला आठवलं तर बरं, नाही आठवलं तर तेही लिहीन. बशी फडताळात परत जाईल.

पुण्यातल्या भिंतीवरचा हुक काढला आहे. भोक तेवढं बुजवायचं राहिलंय.