लव्हाळ्याला काठ सोडा

केळीच्या बागेत लव्हाळा दिसला की बुऱ्हाणपूरचा शेतकरी वैतागतो, आणि त्याचं काही चुकत नाही. जमिनीखाली या लव्हाळ्याच्या गाठींची माळ असते. वखरानं ती तुटली की सुट्या झालेल्या गाठी नव्यानं फुटतात. लेरॉय होम आणि सहकाऱ्यांनी १९७७ साली जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांवर ग्रंथ लिहिला, त्यात पहिला क्रमांक याचाच आहे. दिवाळीच्या उटण्यातला सुगंधी नागरमोथाही याच कुळातला, पण बागेत राबणाऱ्याला त्याचं काय कौतुक!

तरीही बागेतला राग तापीच्या काठावर काढणं मला मान्य नाही. तिथं लव्हाळ्याची पाणथळ भावंडं उभी असतात. दिसायला गवतासारखी, पण दांडा बोटांत फिरवला की बहुतेकांच्या तीन कडा हाताला लागतात. गवतासारखी पेरंही नसतात. चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून ही झाडं आतल्या पोकळ्यांतून ती खाली उतरवतात. पूर आला की वाकतात, ओसरला की उठतात. तुकोबांना नम्रतेसाठी लव्हाळ्याचाच दाखला सुचला तो उगीच नव्हे. या झाडांच्या मुळांच्या जाळ्यात काठाची माती धरून राहते. बेडकांना, पाणकोंबड्यांना आडोसा मिळतो.

हा काठ आपण मोडतो आहोत. शेत पाण्याच्या कडेपर्यंत नांगरायचं, नाल्यावर तणनाशक मारायचं, घाट सुशोभित करायचा म्हणजे सिमेंट ओतायचं. सुटलेली माती तापीबरोबर जळगाव जिल्ह्यात उतरते. तिथं हतनूर धरण गाळानं भरत चाललंय, हे खानदेशात कुणालाही विचारा. सगळा गाळ बुऱ्हाणपूरचा नाही. पण आपल्या वाट्याचा तरी आपण अडवायला हवा.

पाणी कसं जपावं हे या शहराला शिकवायला नको. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालून शहरात आणणारा, मुघल सुभेदार रहीम खानखानाच्या काळातला कुंडी भंडारा २०२४ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे. त्याचा अभिमान बाळगणाऱ्या महापालिकेनं घाटाच्या प्रत्येक नव्या कामात काही उतार मातीचा, लव्हाळ्यासाठी ठेवावा. शेतकऱ्यांनी नाल्यालगत केळीची एक ओळ कमी लावावी आणि तेवढ्या पट्टीत नांगर घालू नये, फवारणीही करू नये. लव्हाळा मारायचाच तर बागेच्या आत मारावा.